तेल लावलेला शुक्रवार

होळीच्या आगेमागे गुडीहत्नूरच्या रस्त्याला पळस फुलतो. रोज आदिलाबादहून बसनं शाळेत जाताना तो मला खिडकीतून दिसतो. बसमधली माणसं कौतुकानं बघतात, एखादा मोबाइल काढून फोटो घेतो. माझा मात्र घसा कोरडा पडतो आणि नाकाशी खोबरेल तेलाचा वास येतो. पळसाला वास नसतो, हे मीच मुलांना शिकवलेलं आहे. वास माझ्या आईच्या केसांचा असतो, आणि तो आला की मला भीती वाटते. पन्नाशी जवळ आली, आठवीतली दांडगी पोरं माझ्या नुसत्या खाकरण्यानं गप्प होतात, पण या दिवसांतल्या शुक्रवारी मी अजून दचकून जागी होते.

आमच्या घरी या दिवसांना ‘श्रमाचे दिवस’ म्हणायचे. शब्द तेलुगू ख्रिस्ती मंडळींकडून आलेला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ते ‘श्रमदिनालु’, म्हणजे सोसण्याचे दिवस, म्हणून पाळतात. येशूनं जे सोसलं ते आठवायचं, जमेल तसा उपास करायचा, प्रार्थनेला बसायचं. जैनथहून पैनगंगेकडे निघालं की आमचं गाव लागतं. त्या गावात हे दिवस पाळणारं घर एकच होतं, आणि त्या घरातही पाळणारी एकटी आई. बाबांची एकादशी होती. ती त्यांनी कधी सोडली नाही आणि आईनंही कधी सोडायला सांगितलं नाही. एकादशीला आई त्यांना साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी असं सगळं रांधून वाढायची, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं हसत म्हणायची. तो उपास मला फार आवडायचा. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

आईच्या उपासाला वास होता, चव नव्हती.

हे सगळं माझ्यामुळे सुरू झालं होतं. मी पहिलीत असताना मला झटके यायला लागले. आधी डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायचा. मी त्याच्याकडे बघत राहायची, तो माझा नसल्यासारखा. मग पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर यायची तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल असायची, नाहीतर फोडलेला कांदा, आणि भोवती सगळ्या गल्लीचे पाय. अंगारे झाले, धुपारे झाले, पार बेज्जूरकडच्या जंगलातून आणलेली मुळी गळ्यात बांधून झाली. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या काही दिवस मिळाल्या, मग मिळेनाशा झाल्या, मग कापूस वेचणीत ते राहूनच गेलं. शेजारच्या बायका मला त्यांच्या पोरींबरोबर खेळू देईनात. आई कुणाशी भांडली नाही. ती मला घेऊन शेतात जायची आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सावलीत, नजरेच्या टप्प्यात बसवायची.

अशात जैनथच्या बाजारात तिला अम्मगारू भेटल्या. तिथं पत्र्याचं एक छोटं प्रार्थनाघर होतं. तिथल्या तेलुगू पाळकांना सगळे अय्यगारू म्हणत, आणि त्यांच्या बायकोला अम्मगारू. मला भर बाजारात झटका आला तेव्हा अम्मगारूंनी चप्पल बाजूला सारली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसल्या. आई म्हणते, तेवढ्यानंच ती त्यांच्या मागं गेली. पोरीला मांडीवर घेणारी बाई तिला पहिल्यांदा भेटली होती.

त्यानंतर माझे झटके थांबले. का थांबले, ते मला आजही सांगता येणार नाही. थांबायचेच असतील, किंवा आई म्हणते तसं असेल. पण झटके थांबले आणि आमच्या घरात खरी भीती शिरली. आजार असतो तेव्हा माणूस धावपळ करतं, भ्यायला सवड नसते. आजार गेला की तो परत कधी येईल याची वाट बघणं सुरू होतं.

पुढच्याच वर्षी श्रमाचे दिवस आले. अय्यगारूंनी तेलुगूत सांगितलं आणि अम्मगारूंनी आईला हिंदीत समजावलं, की उपास लोकांना दाखवायला करायचा नाही. तोंड उतरवून हिंडायचं नाही. तोंड धुवायचं, केसांना तेल लावायचं, म्हणजे उपास आहे हे फक्त देवाला कळेल. आईनं हे मनावर घेतलं. एरवी ती रविवारी केस विंचरायची. आता शुक्रवारी सकाळी चूल पेटवायच्या आधी ती खोबरेलाची बाटली काढायची, चापूनचोपून तेल लावायची, तोंड धुऊन पदरानं खसाखसा पुसायची. बाबा गोठ्यातून येताना थट्टा करायचे.

“आज कोनाचं लगन हाय काय व?”

“डोस्कं दुखून राह्यलं,” आई म्हणायची.

दिवसभर ती काही खायची नाही. हे घरात कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. आमच्याकडे आधी गडी माणसं जेवतात, मग पोरं, आणि शेवटी चुलीपाशी उरलेली बाई जेवली की नाही हे बघायला कोणी जात नाही. मी तेवढी तिच्याजवळ बसायची म्हणून मला कळलं. माझ्या ताटात ती भाकर कुस्करून द्यायची, वर तेल-तिखट घालायची आणि स्वतःपुढे रिकामी परात ओढून ती पुसत बसायची. परात आधीच लख्ख असायची.

खाल्लं नाही याचं मला फार वाटलं नाही. उपासाला कोणी भाकर खात नाही, एवढं मलाही माहीत होतं. मी भ्याले ती पाण्यामुळे.

रब्बीची ज्वारी निघाली होती आणि रानात पऱ्हाटी उपटणं चाललं होतं. कापूस वेचून झाल्यावर ती वाळकी झाडं मुळासकट उपटायची, हे हातांची सालटं काढणारं काम. ऊन टाळू भाजत होतं. बाया धुऱ्यावरच्या मडक्यापाशी येऊन ओंजळीनं पाणी प्यायच्या, उरलेलं तोंडावर मारायच्या. आई आली. तिनं सगळ्यांना वाढलं, मला वाढलं, आणि तांब्या उपडा ठेवून परत गेली. मला वाटलं विसरली असेल. दुपारी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या प्रहरी ती माझ्याजवळ टेकली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि केसांतलं तेल कपाळावर ओघळून त्याचा वास येत होता.

“आई, पानी पे न.”

“चूप.”

“काऊन पण?”

“उपासाले पानी चालत नाई. अन् कोनाले सांगू नको. सांगतलं त उपास जाते.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “अन् उपास गेला त...”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. ती माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघत होती.

त्या क्षणी मला सगळं समजलं. समजू नये त्या वयात समजलं. पुढे एकदा कडब्याच्या गंजीमागे तिला गुडघ्यावर बसून बोलताना मी ऐकलंसुद्धा. “म्या थेंबभर पानी पेत नाई देवा,” ती सांगत होती, अगदी बाजारात घासाघीस करताना बोलतात तशा आवाजात. “तू माह्या पोरीले हात लावू नको.”

पाणी कुणी मना केलं होतं तिला? कुणीच नाही. हे फार नंतर उलगडलं. आईच्या माहेरी हरतालिका कडक. पोरीबाळींनाही त्या दिवशी थुंकी गिळताना विचार करावा लागे. खरा उपास म्हणजे निर्जळ, हे तिच्या हाडात भिनलेलं. देव बदलला तरी उपास तोच राहिला. आणि देवाकडे काही मागायचं तर नवस बोलायचा, बोललेला फेडायचा, फेडण्यात खोट राहिली तर देव दिलेलं परत नेतो, हेही तिनं माहेराहून आणलेलं. प्रार्थनाघरातल्या तेलुगू बायका शुक्रवारी दिवसभर पाणी, ताक, सगळं पीत होत्या. पाणी प्यायचं असतं, हे कुणाला सांगावं लागतं असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि उपास लपवायचा म्हटल्यावर आईनंही कुणाला विचारलं नाही.

तेव्हापासून मी शुक्रवार मोजायला लागले. जाग यायची ती तेलाच्या वासानं. मी डोळे न उघडता मनाशी म्हणायची, आज आई मरेल. मग लगेच म्हणायची, नाही, ती पाणी प्यायली तर मी मरेन. दोन्हींपैकी कशाला जास्त भ्यावं, हे मला ठरवता येईना. शाळेत पाढे म्हणताना मला शेतातलं मडकं दिसायचं. घरी आले की मी माठात हात घालून पाणी किती आहे ते बघायची. ते तेवढंच असलं की रडू यायचं, आणि एका शुक्रवारी ते उतरलेलं दिसलं तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन अंगठा मुठीत घट्ट दाबून बसले. पाणी बाबांनी घेतलं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, मला एक भीती पुरत नव्हती.

सांगावं असं फार वाटायचं. बाबांना सांगावं, शाळेतल्या बाईंना सांगावं. पण सांगितलं तर उपास जाणार, आणि उपास गेला तर. आईसारखंच माझंही वाक्य तिथंच थांबायचं.

गुड फ्रायडेला बाबांनी आम्हाला बैलगाडीतून जैनथला सोडलं. त्यांना तिथं काम होतं, ते झाल्यावर बाहेर लिंबाखाली बसतो म्हणाले. दुपारी बारा ते तीन प्रार्थना. वर पत्रा, खाली सतरंजी, एकच दरवाजा. आईच्या केसांना त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त तेल होतं. ती गाडीत बसताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन चढली होती, आणि तिचा हात उन्हातल्या दगडासारखा तापलेला होता.

अय्यगारू येशूचे क्रुसावरचे शेवटचे बोल एकेक करून समजावत होते. मला तेलुगू शाळेपुरतं कळायचं. एका बोलापाशी ते थांबले आणि त्यांनी हातानं गळा दाखवला. त्याला तहान लागली होती, एवढं मला समजलं. मी आईकडे बघितलं. तिच्या ओठांच्या कडा फुटल्या होत्या. तिचे डोळे मिटलेले होते आणि ती बसल्या जागी पुढे-मागे हलत होती. आता पडते, आता पडते, असं मला वाटलं. मी तिचा पदर धरला. आणि पदर धरलेल्या माझ्या हाताचा अंगठा उडायला लागला.

शुद्धीवर आले तेव्हा चप्पल नव्हती, कांदा नव्हता. डोकं अम्मगारूंच्या मांडीवर होतं. प्रार्थना थांबली होती. समोर आई बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती तशी मी नंतर कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. ती माझ्याशी बोलतच नव्हती. ती वर पत्र्याकडे बघून बोलत होती.

“म्या नाई पेली. थेंब नाई पेली. इचार कोनालेबी. मंग काऊन?”

अम्मगारूंनी मला आधी पाणी पाजलं. मग उरलेला पेला आईपुढे धरला. आईनं तो हातानं लोटला.

“क्या नहीं पिया तुम?” अम्मगारूंनी विचारलं.

“पानी. उपास हाय न.”

“सुबह से?”

“सगळेच शुक्रवार,” मी मांडीवरूनच म्हणाले. माझं गुपित असं पडल्यापडल्या बाहेर आलं.

अम्मगारूंनी कपाळावर हात मारला. तेलुगूत भराभरा अय्यगारूंना काहीतरी सांगितलं. ते उंच, जाडजूड, गडगडाटी आवाजाचे गृहस्थ. मला वाटलं आता ओरडतील. ते सतरंजीवर आईसमोर मांडी घालून बसले आणि घाबरलेल्या माणसासारखे हळू बोलले.

“अम्मा, पानी पीने कू किसने मना करा?”

आई अजून पत्र्याकडेच बघत होती.

“अब्बी मैं क्या बोला? सूली पे उनकू भी प्यास लगी. उन्हों भी पानी मांगे. तुम उनसे बडा उपास करते क्या?”

“पोरीसाठी केला,” आई म्हणाली. “माहा उपास खरा होता. मंग पोरीले काऊन धरलं?”

हे त्यांचं मला आजवर फार मोठं वाटत आलं आहे, की त्यांनी उत्तर बनवलं नाही. “मेरे कू नई मालूम,” ते म्हणाले. “लेकिन वो बच्ची के बदले में तुम्हारा पानी नई मांगता. इतना मालूम.”

तोवर कुणीतरी बाबांना आत आणलं होतं. चपला दाराशी काढून ते अवघडून उभे होते, परक्याच्या देवघरात उभं राहावं तसे. “मले दिसत होतं,” ते मान खाली घालून म्हणाले. “शुक्रवारी हे मडक्यापाशी बसत नाई. मले वाटलं, यायचा उपास असाच असन. त्यायच्या देवात आपुन काऊन बोलाव? पे व. पेऊन घे.”

म्हणजे बाबाही भीत होते. आम्ही तिघं एका घरात, एकाच गोष्टीला भीत, एकमेकांपासून लपवत राहिलो होतो.

पेला पुन्हा पुढे आला. आईनं तो हातात घेतला पण तोंडाला लावेना. तिचे डोळे माझ्या हातावर होते. मला तिची अडचण बरोब्बर कळली, कारण ती माझीही अडचण होती. मी उठून बसले.

“आई,” मी म्हणाले, “मले झटका येऊन गेला न आता. आता पे.”

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग आईचा चेहरा वेडावाकडा झाला. ती रडायला लागली, आणि रडता रडता प्यायली. एक पेला, दुसरा, मग तांब्याच तोंडाला लावला. गळ्यावरून, चोळीवरून पाणी ओघळत होतं. पिताना ती माझ्या अंगठ्यावरून नजर हलवत नव्हती. मीसुद्धा अंगठ्याकडेच बघत होते. तो गप्प होता.

त्या उन्हाळ्यात बाबांनी मला आदिलाबादच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मग गोळ्या एक दिवसही चुकू दिल्या नाहीत. त्या अनेक वर्षं चालल्या आणि हळूहळू सुटल्या. आई अम्मगारूंच्या शेजारी बसून पाणी पिऊन उपास करायला शिकली. हे शिकणं तिला न पिण्यापेक्षा अवघड गेलं. पहिल्या पहिल्यांदा ती चोरी केल्यासारखी प्यायची. “आता काय मांगत असतं?” मी एकदा विचारलं. “काई नाई,” ती म्हणाली. “नुसती बसतो. भेव वाटते, तरी बसतो.”

मी स्वतः पहिला उपास धरला तो नव्वदच्या दशकात, आदिलाबादला वसतिगृहात असताना. गोळ्या सुटल्या होत्या, डॉक्टरांना विचारलं होतं. मला वाटलं होतं, भूक लागेल आणि देव आठवेल. दुपारी दोनच्या सुमाराला भूक लागली, ती मेली, आणि तिच्या जागी भीती आली. परीक्षेची, लग्नाची, अंगठ्याची. एरवी दोन घास खाल्ले की ती सगळी पोटात दबून राहते. रिकाम्या पोटात तिला दबायला जागा उरत नाही. मी तेव्हा खोलीतल्या खाटेवर बसून राहिले. प्रार्थनेचे शब्द सुचले नाहीत. पेलाभर पाणी प्यायले आणि बसले. संध्याकाळपर्यंत भीती तिथंच होती, पण ती आता माझ्या समोर होती आणि मी तिच्याकडे बघू शकत होते. उपासाबद्दल मला एवढंच कळलं आहे. ज्यांना जास्त कळतं त्यांच्याशी माझा वाद नाही.

बाबा गेले, आणि आई माझ्याकडे आदिलाबादला आली. तिला साखर आहे. डॉक्टरांनी उपास बंद केला आहे, आणि आपण ते ऐकलं आहे असं ती म्हणते. माझा विश्वास नाही. शुक्रवारी मी शाळेत जाण्याआधी तिच्यासमोर बसून तिला पोळी खायला लावते आणि तांब्यातलं पाणी डोळ्यांनी मोजून ठेवते. ती हसते.

या शुक्रवारी सकाळी पुन्हा तो वास आला. मी धावत बाहेरच्या खोलीत गेले. आई खुर्चीत बसली होती, तळहातावर तेल ओतून.

“आई, डॉक्टरनं नाही म्हटलंय.”

“मले ठाऊक हाय. म्या खाल्लं सकाळीच,” ती म्हणाली. “तुहा उपास हाय न आज? बस इकडं.”

मी तिच्यापुढे खाली बसले. तिनं माझ्या पिकलेल्या केसांना तेल लावलं, थोडं मानेवर सांडलं. मग बाजूचा पेला उचलून माझ्या पुढे धरला. “पे पयले. मंग जा.”

मी पेला घेतला आणि प्यायले. पिता पिता वर बघितलं. तिला आता नीट दिसत नाही, मोतीबिंदू वाढला आहे, पण ती पुढे वाकली होती. माझ्या तोंडाकडे तिचं लक्षच नव्हतं. माझा डावा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता आणि अंगठा चाचपून बघत होती.